बिल मागण्यापुरती युक्रेनियन

सांगलीला परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय काय बघितलंत जर्मनीत?" मी हौसेनं सांगायला लागते. ब्राउनश्वाइगच्या चौकातला सिंहाचा पुतळा, ओकर नदीतून होडीत बसून शहराला घातलेली प्रदक्षिणा, लाकडी पट्ट्यांची जुनी घरं, त्यांच्या खिडक्यांतली लालभडक फुलं. आमचे हे शेजारी बसून दोन मिनिटं कसेबसे कळ काढतात आणि मग म्हणतात, "ते असू दे गं. तो बिलाचा किस्सा सांग." किस्सा यांच्याच फजितीचा आहे, तरी सांगायची घाई यांनाच. म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते. ज्याला हवं त्याने वाचावं.

आधी आम्ही का गेलो ते सांगते. आमचा निनाद ब्राउनश्वाइगला इंजिनियर आहे. त्याला तिथली ओलेना आवडली. मुलगी युक्रेनची, पोल्तावा नावाच्या गावची. तिथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करते. फोटोत बघितल्यापासूनच मला पसंत होती. यांनाही होती, पण "विचार करून सांगतो" असं म्हणायची यांना सवय आहे. अडचण होती ती ओलेनाच्या आईची. युद्ध सुरू झाल्यावर बाई एका बॅगेनिशी लेकीकडे आल्या. नवरा आधीच गेलेला, घर तिकडे राहिलेलं, उरली ती एवढी एक मुलगी. त्यांनी निनादला सांगितलं होतं, "आधी तुझी माणसं बघते. मग हो की नाही ते सांगते." आणि ओलेना आईच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती.

म्हणजे बघण्याचा कार्यक्रम आमचा होता! चाळीस वर्षांपूर्वी मी पोह्यांच्या बशा घेऊन खाली मान घालून उभी राहिले होते, तेव्हा हे ऐटीत खुर्चीत बसले होते. आता यांची पाळी आली, याचा मला आतून थोडा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.

निघण्याआधी निनादनं फोनवर बजावलं. "आई, तू त्यांना विहीणबाई म्हणू नकोस हां. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. हालिना पेत्रिव्ना म्हणायचं. हालिना त्यांचं नाव आणि पेत्रिव्ना म्हणजे पेत्रोची मुलगी."

"बघ, वडिलांचं नाव लावतात," हे खूश झाले. "आपल्यातलीच माणसं आहेत."

आता यांच्या दुखण्याबद्दल. आमच्या ह्यांना दुसऱ्याला बिल देऊ देता येत नाही. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली, पण पाणी अडवण्यापेक्षा जास्त यांनी लोकांचे हात अडवले असतील. एकदा माझ्या बहिणीच्या यजमानांशी भेळेच्या बिलावरून इतकी झटापट झाली की त्यांच्या नव्या शर्टाचा खिसा यांच्या हातात आला. तेव्हापासून यांनी युक्ती बदलली. जेवण संपत आलं की "हात धुऊन येतो" म्हणून उठायचं आणि परस्पर गल्ल्यावर पैसे देऊन यायचं. सगळ्या नातेवाइकांना हे ठाऊक आहे, तरी दर वेळी फसतात.

त्यात हा मुलाच्या लग्नाचा मामला. यांच्या बहिणीच्या लग्नात मुलाकडच्यांनी मागण्या करकरून माझ्या सासऱ्यांना पार वाकवलं होतं. ते यांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं. "मी मुलाचा बाप असलो तरी त्या बाईला एका पैशाच्या खर्चात पाडणार नाही," असं यांनी मला चारचारदा ऐकवलं होतं. तत्त्व सोन्यासारखं होतं. माणूसही सोन्यासारखाच आहे. फक्त ऐकत नाही.

मग यांनी काय केलं, तर मोबाइलवरून युक्रेनियन शिकायला घेतलं. खात्याच्या जुन्या डायरीत देवनागरीत वाक्यं उतरवली. मी एकदा डायरी उघडली. 'राखूनोक, बूद लास्का: बिल द्या, कृपया.' 'या प्लाचू: मी देतो.' 'कार्त्कोयू: कार्डानं.' 'राझोम: सगळ्यांचं एकत्र.' 'रेश्ती ने त्रेबा: सुटे परत नकोत.' एवढंच. सकाळच्या फिरण्यात आमराईला तीन फेऱ्या घालत हे मोठ्यानं घोकायचे आणि लोक वळून बघायचे.

"अहो, नमस्कार कसा म्हणतात?" मी विचारलं.

"ते निनाद सांगेल की."

"बऱ्या आहात का, मुलगी गोड आहे, असलं काही?"

"त्याला वेळ पडली तर हातवारे आहेत. बिलाच्या वेळी हातवारे करून चालत नाही."

पहिले दोन दिवस

ब्राउनश्वाइगला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी निनादच्या ओळखीच्या शोभाताई आम्हाला भेटायला एका कॅफेत आल्या. मूळच्या दादरच्या, नवरा जर्मन, तिथे पस्तीस वर्षं झालेली. मराठी अगदी ठसठशीत, मधूनच एखादं "गेनाऊ" टाकतात, म्हणजे "अगदी बरोबर". सोबत त्यांचे यजमान आणि निनादचे दोन मित्र होते. केक आला, कॉफी आली, पाणी मागवलं तर सोड्यासारखं बुडबुड्यांचं आलं आणि यांना ठसका लागला. शेवटी वाढणारी बाई वही घेऊन आली. "त्सुझामेन ओडर गेट्रेंट?" एकत्र की वेगवेगळं, असं तिनं विचारलं.

यांनी हात वर करायच्या आत सगळे "गेट्रेंट" म्हणाले. प्रत्येकानं आपापला केक सांगितला, आपापले पैसे दिले. शोभाताईंनी आपले दिले आणि त्यांच्या यजमानांनी आपले! हे बघून आमच्या ह्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी भरपंगतीत ताटावरून उठवलंय.

"शोभाताई, अहो, नवरा-बायको ना तुम्ही?" यांना राहवलं नाही.

"गेनाऊ! म्हणून तर पस्तीस वर्षं टिकलंय," त्या हसल्या. मग जरा गंभीर होऊन म्हणाल्या, "भाऊ, एक सांगते. इथे कुणी बोलावलं असेल तर त्याला देऊ द्यायचं. तुम्हाला द्यायचं असेल तर आधी विचारायचं. झडप घालायची नाही."

हे "हो हो" म्हणाले. यांचं "हो हो" म्हणजे या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं.

शनिवार, दुपार

जेवायचं बोलावणं हालिना पेत्रिव्नांकडून आलं होतं. स्टेशनजवळच्या गल्लीत एक लहानसं युक्रेनियन खानावळवजा हॉटेल आहे, तिथे. आम्ही पोचलो तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. उंच, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, इस्त्रीचा निळा झगा, गळ्यात लाल मण्यांची माळ. हातात घट्ट धरलेली काळी पर्स. मला वाटलं, मी साडीची घडी मोडून आले ते बरं झालं. आम्ही दोघी एकमेकींना नखशिखांत बघत होतो आणि दोघी तसं दाखवत नव्हतो.

टेबल आधीच सजवून ठेवलेलं. मी शाकाहारी आहे हे लक्षात ठेवून मांसाशिवायचं बीटचं सूप, म्हणजे बोर्श्च. मग बटाटा भरलेल्या वारेनिकी, आपल्या उकडलेल्या करंज्याच त्या. आणि मग त्यांच्या गावची खासियत, हालुश्की. ताटली समोर आली तशी मी ओरडलेच, "अगंबाई, चकोल्या!" कणकेचे तसेच तुकडे, तसेच उकडलेले, फक्त आमटीऐवजी तळलेला कांदा आणि साय. ओलेनानं भाषांतर करून सांगितल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. मग कळलं, त्या तिकडे शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. मी मराठी शिकवायचे. त्यांनी बोटं चोळून खडूची खूण केली, मीही केली. मला वाटलं, जमलं! निनाद टेबलाखालून माझा पाय दाबत होता. पोराच्या कपाळावरच्या आठ्या गेलेल्या मी कित्येक महिन्यांनी बघितल्या.

आणि तेवढ्यात हे उठले. "हात धुऊन येतो."

मला धोका कळायला हवा होता. पण मी चकोल्यांत गुंतले होते. पाच मिनिटांनी हे परत आले ते एखादं धरण बांधून आल्यासारखे. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पाचही वाक्यं वापरली. एकही चुकलं नाही."

सुकवलेल्या फळांचं सरबत पिऊन झालं. हालिना पेत्रिव्नांनी पाठ ताठ केली, पर्स उघडली आणि एक पांढरं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मग शांतपणे, शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात म्हणाल्या, "राखूनोक, बूद लास्का."

गल्ल्यावरची मालकीणबाई अवघडून जवळ आली. काहीतरी पुटपुटली आणि यांच्याकडे बोट दाखवलं.

हे हसून हात जोडत होते. हालिना पेत्रिव्ना हसल्या नाहीत. पाकिटाकडे बघत राहिल्या. मग ते उचललं, पर्समध्ये ठेवलं, पर्स बंद केली. ओलेनाला एक वाक्य म्हणाल्या. ओलेनाचा चेहरा पडला आणि तिनं भाषांतर केलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी आमच्याशी हात मिळवले, मान लववली आणि ट्राममध्ये चढून गेल्या. मागे वळून बघितलं नाही.

"काय झालं?" हे विचारत होते. "अगं, मी तर त्यांचे पैसे वाचवले!"

 घरी आल्यावर ओलेनानं निनादला सांगितलं आणि निनादनं आम्हाला. त्यांना महिन्यापूर्वी एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली होती. पाकिटात त्यांचा या देशातला पहिला पगार होता. त्यातून आम्हाला जेवू घालायचं, हे त्यांनी आधीच ठरवलेलं. कुणाला सांगितलं नव्हतं, निनादलाही नाही. दोन दिवस आधी जाऊन पदार्थ ठरवून आल्या होत्या. इतकी वर्षं सगळं लोकांनी दिलेलं. कोट दिलेला, पलंग दिलेला, ताटल्यासुद्धा दिलेल्या. एकदा कुणाचं तरी यजमानपण करायचं होतं.

"आणि त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

निनाद माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हणाल्या, यांनाही वाटलं, माझ्याजवळ नसतील."

 हे सोफ्यावर बसले ते बसलेच. डायरी हातात होती. ती मिटून म्हणाले, "मी माझ्या बापाचा विचार करत होतो गं. त्यांचा केलाच नाही." एरवी यांना चिडवायची एक संधी मी सोडत नाही. त्या दिवशी मात्र उठून यांच्यासाठी चहा टाकला.

सोमवार

रविवारी ओलेनाच्या आईनं फोन उचलला नाही. तिथे रविवारी सगळं बंद असतं, दुकानं बंद, रस्ते चिडीचूप.  निनादनं माफीचं पत्र लिहू म्हटलं, मी फुलं नेऊ म्हटलं. हे म्हणाले, "पुन्हा देणंच झालं ते. त्यांना देणारी माणसं पुष्कळ आहेत."

सोमवारी संध्याकाळी चारला हे कपडे करून तयार. "चल, त्यांच्याकडे जाऊ."

"बाबा, इथे न विचारता कुणाच्या घरी जात नाहीत," निनाद घाबरला. "टेर्मीन घ्यावी लागते. आधी वेळ ठरवून."

"भूक काय टेर्मीन घेऊन लागते?" असं म्हणून यांनी आपलं पैशांचं पाकीट खिशातून काढलं आणि माझ्या हातात दिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मला भरूनच आलं. "हे इथेच ठेव. आणि ओलेना, मला एक वाक्य शिकव."

ओलेनानं शिकवलं. हे ट्राममध्ये पूर्ण वेळ ओठ हलवत होते.

हालिना पेत्रिव्ना शहराच्या पश्चिमेकडच्या उंच इमारतीत आठव्या मजल्यावर राहतात. एक खोली, एक स्वयंपाकघर, खिडकीत टोमॅटोची रोपं. बेल वाजवली. दार उघडलं. चेहऱ्यावर काहीच नाही, ना राग, ना ओळख. ओलेना पुढे होऊन बोलणार तेवढ्यात यांनी तिला हातानं थांबवलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हालिना पेत्रिव्ना. या होलोद्नी."

मला भूक लागलीय. एवढंच.

आपल्याकडे आपल्या माणसाच्या घरी जाऊन आपण म्हणतोच ना, काय केलंय गं जेवायला, वाढ लवकर. परक्याकडे नाही म्हणत. पण ते त्यांना कळेल की नाही, हे मला समजेना. त्या यांच्याकडे बघत राहिल्या. मी मनात कृष्णामाईला साकडं घातलं. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं. "सिदाय्ते," म्हणाल्या. बसा.

बटाटे किसले, त्यांची थालिपिठं तव्यावर टाकली. हे खात होते आणि त्या वाढत होत्या. चौथ्यानंतर यांनी ताटलीवर हात आडवा धरला, तर त्यांनी आपल्या आजीबायांसारखा तो हात बाजूला करून पाचवं टाकलं. सहावंही टाकलं. यांना रात्री त्रास होणार हे मला दिसत होतं. मी अडवलं नाही, भोगू दे म्हटलं.

"दूझे स्माच्नो," हे म्हणाले. फार चविष्ट. हेही ओलेनाकडून ट्राममध्ये उचललेलं.

मग मीच ओलेनाला म्हटलं, तुझ्या आईला सांग, हा माणूस हात धुवायला गेला की कधीच नुसते हात धुऊन येत नाही. शर्टाच्या खिशाचा किस्साही सांगितला. ओलेना सांगत गेली, मधे मी अभिनय करून दाखवला. हालिना पेत्रिव्नांनी हात धुण्याची खूण करून यांच्याकडे बोट दाखवलं, "असंच ना?" असं विचारल्यासारखं. यांनी शरमेनं मान डोलावली. त्या इतक्या हसल्या की ॲप्रननं डोळे पुसायला लागल्या. निघताना मला खिडकीतले दोन टोमॅटो दिले. लग्नाबद्दल मात्र शब्द काढला नाही. आम्हीही विचारलं नाही.

परतीचा दिवस

पुढचे आठ दिवस छान गेले. होडी, सिंह, जुनी घरं सगळं त्यातलंच. हालिना पेत्रिव्ना दोनदा भेटल्या, माझ्याकडून चकोल्या शिकून घेतल्या, हिंगाचा वास घेऊन शिंकल्या. पण हो नाही आणि नाहीही नाही. निनाद पुन्हा कपाळाला आठ्या घालून हिंडू लागला. मला वाटायचं, आपण रिकाम्या हातानं परत जाणार. त्यांना सारखं विहीणबाई म्हणावंसं वाटायचं आणि मी शब्द गिळायचे.

निघायच्या दिवशी त्या आम्हाला पोचवायला स्टेशनवर आल्या. फ्रांकफुर्टची गाडी चाळीस मिनिटं उशिरा. हे ऐकून आमच्या ह्यांना फार बरं वाटलं, जर्मनीत आल्यापासून पहिल्यांदा घरच्यासारखं वाटतंय म्हणाले. आम्ही पाचजण स्टेशनातल्या कॅफेत बसलो. पाकीट आता यांच्याकडे होतं, पण शोभाताईंचा धडा पाठ झाला होता. कॉफी मागवण्याआधी यांनी अदबीनं विचारलं, "या प्रिहोश्चायू?" म्हणजे, आज माझ्याकडून, चालेल का? बिलाचं हे सहावं वाक्य खास शिकून घेतलेलं.

हालिना पेत्रिव्नांनी डोळे मिटून मान डोलावली. "दोब्रे." ठीक. हे धन्य झाले.

कॉफी झाली. त्या उठल्या, दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि आतल्या बाजूला गेल्या. आम्ही बोलत बसलो. निनाद उगीचच आपल्या बुटांकडे बघत होता. गाडीची वेळ झाली तसे हे पाकीट काढून गल्ल्यावर गेले. तिथल्या मुलीनं मान हलवली आणि हसून बाजूला बोट दाखवलं.

हालिना पेत्रिव्ना तिथे उभ्या होत्या. पर्स उघडी, हातात ते पांढरं पाकीट. हात तर कोरडेच होते! आमचे हे आ वासून बघत राहिले. मग सवयीनं पाकीट पुढे करायला गेले, तर त्यांनी तळहात आडवा धरला, अगदी आपल्यासारखा, आणि एकेक अक्षर तोलून म्हणाल्या:

"राहू द्या, व्याही."

 निनादचे डोळे भरले होते, म्हणजे शिकवणारा हाच. कधी बोलायचं ते मात्र त्यानं त्यांच्यावर सोडलं होतं. ओलेनानं आईला मिठी मारली. आणि हे, ज्यांनी जन्मात कुणापुढे बिलाची हार मानली नाही, त्यांनी गुपचूप पाकीट खिशात घातलं आणि त्याच खिशातून रुमाल काढला. "द्याकूयू," म्हणाले, आभारी आहे. 

बाहेर गाडी लागल्याचं सांगत होते. मी पदर सावरला, हालिनाचा हात हातात घेतला आणि इतके दिवस जिभेवर धरून ठेवलेला शब्द सोडून दिला.

"चला विहीणबाई," मी म्हटलं, "गाडी आली."